विटा स्वस्त, माणसं महाग

सोयाबीन निघालं की निलंग्यात माणूस माणसाला आधी भाव विचारतो. गेली तीन वर्षं मीही विचारतो, पण विटांचा. पहिल्या वर्षी मोंढ्यातल्या एका ओळखीच्या आडत्याला विचारलं, तर तो खुलला. "बांधायलाव का सर? भट्टीची पाहिजे का सिमेंटची?" म्हटलं, "प्लास्टिकची. पिवळी. वर आठ बटणं असलेली." तो थोडा वेळ माझ्याकडं पाहत राहिला आणि मग फार मायेनं म्हणाला, "सर, बसा. चहा घ्या." एखाद्याचं बिनसलंय अशी शंका आली की आमच्याकडं त्याला आधी चहा पाजतात.

प्रकरण जुनं आहे. मी चौथीत होतो. आमच्या गल्लीत एक डॉक्टर राहायचे, त्यांचे धाकटे भाऊ जर्मनीत. एका उन्हाळ्यात त्यांनी पुतण्यासाठी लेगोचा किल्ला आणला. क्रमांक ३७५. १९७८ साली युरोपात निघालेला, ७६७ तुकड्यांचा. त्यात १४ शिलेदार आणि खालीवर होणारा पूल. शिलेदारांचे घोडेसुद्धा विटाच जोडून केलेले. आणि सगळा किल्ला पिवळाधमक. राखाडी विटा हातात दिल्या तर पोरं रणगाडे बांधतील अशी डेन्मार्कमधल्या लेगो कंपनीला धास्ती होती, म्हणून किल्ला पिवळा केला, असं सांगतात. राखाडी किल्ले १९८४ मध्ये आले. आम्हाला पिवळ्याचं काही वाटलं नाही. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात, निलंगा राईसही हळदीनं पिवळा. किल्ल्यानं काय घोडं मारलं?

डॉक्टरांचा मुलगा आम्हाला किल्ला दाखवायचा, पण हात मागं बांधून बघायचं अशी अट होती. मी एकदा अट मोडली आणि एक वीट उचलली. उचलली म्हणजे चोरली. ती आधी कंपासपेटीत राहिली, मग आईच्या ट्रंकेत गेली, आणि तीन वर्षांपूर्वी ट्रंक उन्हात घातली तेव्हा कापराच्या वड्यांसोबत बाहेर पडली.

आमचे चिरंजीव तेव्हा नववीत. त्यानं वीट उलटी करून आतला बारीक आकडा वाचला. ३००१. मोबाइलमध्ये टाकला. पाच मिनिटांत त्यानं माझ्या चोरीचा पंचनामा माझ्यासमोर ठेवला. "पप्पा, हा सेट बंद झालाय. रिटायर म्हणतात त्याला. डब्यासकट घेतला तर माझ्या ट्यूशनची वर्षाची फी जाईल." रिटायर झाल्यावर भाव वाढतो हे मला नवीन होतं. मी आठ वर्षांनी होणार आहे. आतापर्यंत कुणी चौकशी केलेली नाही.

आधी मूळ मालकाला फोन केला. तो आता हैदराबादला असतो. "तो किल्ला आहे का रे?" "आईनं कधीच भंगारवाल्याला दिला. दोन किलो कांदे आले होते." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण त्यात एक वीट कमी होती, बरं का." चाळीस वर्षांनंतर! मी रेंज जातीय म्हणून फोन ठेवला.

तेव्हा ठरलं, अख्खा किल्ला परवडत नाही ना, मग सुटा जमवायचा. आमच्या भागाला हे नवीन नाही. गल्लीतला एक वाडा पाडला तेव्हा सागवानी चौकट एकानं नेली, तुळया दुसऱ्यानं, चिरे तिसऱ्यानं पायरीला लावले. जुन्या देवळाचा कोरीव दगड एखाद्या आडाच्या कडेला धुणं धुवायला सापडतो. वस्तू संपते, तिचे भाग कुठं ना कुठं नांदत असतात. लेगोचं तर याहून सोपं, कारण १९५८ च्या जानेवारीत पेटंट घेतलेली वीट आजच्या विटेत घट्ट बसते. माझ्या स्कूटरचा कार्ब्युरेटर पाच वर्षांनी मिळेना, हे इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो.

किल्ल्यात कोणता तुकडा किती लागतो याची यादी छापील पगारपत्रकासारखी तयार मिळते. सुट्या तुकड्यांचा मोठा बाजार म्हणजे ब्रिकलिंक. डॅन जेझेक नावाच्या माणसानं तो २००० साली सुरू केला, २०१९ मध्ये खुद्द लेगोनं विकत घेतला. जगभरचे दुकानदार तिथं एकेक वीट विकतात. मी हरखून यादी भरली. पिवळी आठ बटणांची वापरलेली वीट, आठ रुपये. वा! खाली टपालखर्च, सोळाशे रुपये. शिवाय एकाकडं विटा असतात तर बिजागऱ्या नसतात. दुसऱ्याकडं बिजागऱ्या आहेत, पण तो अमुक रकमेच्या खाली पुडी बांधत नाही. वर जकात. खेळण्यांवरची जकात सरकारनं २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ मध्ये, म्हणजे नेमकी मी यादी भरली त्या वर्षी, ७०. गणिताचा मास्तर असल्यामुळं मी पूर्ण हिशेब केला. आठ रुपयांच्या विटेसाठी डेन्मार्कशी संबंध ठेवणं परवडणारं नव्हतं.

मग लातूर. निलंग्याहून एसटीनं सकाळी निघालो आणि गंजगोलाईत उतरलो. मध्ये जगदंबेचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्यातून फुटलेले सोळा रस्ते. एका रस्त्यावर कापड, एकावर सोनं, एकावर भांडी, एकावर गूळ. सोळाच्या सोळा रस्ते फिरलो. प्लास्टिकच्या बादल्या, प्लास्टिकची फुलं, प्लास्टिकचे तोरणाचे आंबे. विटा फक्त एका खेळण्याच्या दुकानात, त्याही दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्याच्या, बरणीत भरलेल्या. "लेगोच हाय सर," दुकानदार म्हणाला. वीट दाबून बसवली तर बसेना, बसली तर निघेना. शेवटी दातानं काढली. तो दात आता नाही.

तरीही या परक्या विटांवर मी टीका करणार नाही. पेटंटाची मुदत कधीच संपली आहे, कुणीही वीट पाडावी. आणि भिंतीच्या आत, जिथं कुणी बघत नाही, तिथं अशा विटा चालतात. खऱ्या बांधकामात ठेकेदार हेच करतो.

खरं घबाड पुण्याहून आलं. माझा भाचा तिथं एका सोसायटीत राहतो. कुणी घर बदललं की पोरांची खेळणी किलोवर निघतात. त्यानं दोन पोती पाठवली. पोतं ओट्यावर ओतलं तेव्हा आवाज असा झाला की शेजारच्या काकू हरभरा आला का म्हणून बघायला आल्या. त्यात सगळं होतं: विटा, चाकं, बाहुलीचा पाय, पेनाची टोपणं, एक वाळलेली पाल.

इथून आमच्या सौभाग्यवतींचा प्रवेश. तोपर्यंत तिचं एकच वाक्य होतं, "पोराच्या नीटचं बघायचं सोडून विटा काय मोजायलाव?" पण निवडायचा ढीग समोर पडलेला असताना मराठवाड्यातली बाई स्वस्थ बसू शकत नाही. तिनं सूप आणलं. पाखडल्यावर चाकं पुढं आली, विटा मागं राहिल्या. मग तिनं तांदळातले खडे वेचावेत तशा खोट्या विटा वेचून बाजूला टाकल्या. मी प्रत्येक बटणावर भिंगातून लेगोचं नाव शोधत होतो, ती बोटानं चाचपून सांगायची, "ही हलकी हाय. टाका." चुकली नाही एकदाही. विटा धुवायचं तंत्रही तिचंच. उशीच्या खोळीत घालून कोमट पाण्यात, कढत पाण्यात नाही. कढत पाण्यानं त्या वाकड्या होतात. जुन्या पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात, मग शौकीन लोक त्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवतात. आमचा तो खर्च वाचला. पिवळी वीट पिवळी पडली तर कुणाला कळतंय?

रंगाचा घोटाळा मात्र झालाच. काही तुकडे देशातल्याच एका विक्रेत्याकडून मागवले. लेगो कंपनी ज्याला 'ब्राइट येलो' म्हणते, त्याला बाजारात नुसतं 'येलो' म्हणतात. बाजारात ज्याला 'ब्राइट लाइट येलो' म्हणतात, तो वेगळाच फिका रंग. मी नावातला 'ब्राइट' बघून पैसे भरले. पुडी उघडल्यावर ही म्हणाली, "हा लिंबू कलर झाला. आपल्याला हळदी पाहिजे होता." लग्नाच्या बस्त्याला बाईमाणूस सोबत का न्यावं, हे मला पन्नाशीत कळलं. त्या लिंबू विटा आता देवघराच्या गणपतीखाली आहेत.

बांधणीच्या पुस्तकात एक अक्षर नाही, नुसती चित्रं. ती मी झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणली. पैसे वाचवावेत म्हणून काळी-पांढरी. घरी आल्यावर उमगलं की किल्ला, शिलेदार आणि घोडे सगळेच राखाडी झालेत. कंपनीनं जे टाळलं ते मी दीड रुपयाला एक पान या दरानं करून आणलं होतं.

पोरानं यावर लातूर पॅटर्न लावला. किल्ल्याचे धडे पाडले, दर रविवारी एक धडा, धड्याअखेर चाचणी. आठ बटणांची वीट नसेल तर चार-चार बटणांच्या दोन. त्याही नसतील तर दोन-दोनच्या चार. भिंत जाड असेल तर आतली वीट लाल चालेल, निळी चालेल. मला तेवढंच निमित्त मिळालं. त्याला सांगितलं, आठ बटणांच्या एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतात? कंपनी १९७४ पासून सांगायची १०,२९,८१,५००. तिनं फक्त सहा मजली मनोरे मोजले होते. पुढं कोपनहेगनच्या सोरेन आयलर्स या गणितज्ञानं सगळ्या जोडण्या मोजल्या, उत्तर आलं ९१,५१,०३,७६५. पोरगं म्हणालं, "पप्पा, मग आपल्याला ७६७ कशाला पाहिजेत? सहाच विटांचं काही तरी बांधू."

आमच्या आईनं या सगळ्यात फक्त एकदाच लक्ष घातलं. भिंती उभ्या राहिल्या त्या दिवशी ती काठी टेकत आली, टेबलाला दोन्ही हात लावले आणि गदागदा हलवलं. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपानंतर तिचा कुठल्याच भिंतीवर विश्वास नाही. किल्ला हलला, पडला नाही. "माती घातली नाही न मध्ये?" तिनं विचारलं. नाही म्हटलं. "मग बरं हाय." गावातल्या नीलकंठेश्वराच्या देवळातही दगडात दगड अडकवलेत, चुना नाही, हे तिनंच मला लहानपणी दाखवलं होतं. मी तेव्हा सुरसुंदरीच मोजत होतो.

आता माणसं. विटा रुपयांत मिळतात, पण जुना शिलेदार शिरस्त्राणासह घ्यायचा तर एकाच्या किमतीत भिंतीची एक बाजू होते. चौदा शिलेदार म्हणजे आमची दिवाळी. पोरानं तोड काढली. पुण्याकडची दिवाळीच्या किल्ल्याची हौस आता आमच्याकडंही आली आहे आणि बाजारात मातीचे मावळे मिळतात. चौदा मावळे आणले. पण मावळा बुरुजापेक्षा उंच. पुलावर उभा केला तर पूल मोडतो. शेवटी सगळे तटाबाहेर उभे केले, वेढा दिल्यासारखे.

शेजारचे काका बघायला आले. "हा कोणता किल्ला म्हणायचा? रायगड?" म्हटलं, रायगड कसा असेल, याला डोंगर कुठाय? हा भुईकोट, आपला औसा, उदगीर, कंधार यांच्या जातीचा. "पण परक्यांचा दिसतोय. महाराज कसे बसतील इथं?" पोरगं म्हणालं, "घेतलाय की काका. वेढा दिसत नाही का?" काकांनी मान डोलावली आणि मावळ्यांना हळदकुंकू वाहिलं. पिवळ्यात पिवळं मिसळून गेलं.

वहीतला आजचा हिशेब असा: ७६७ पैकी शिलेदारांचे सुटे भाग वगळले तर सगळं जमलं आहे. खर्च धरून चाललो होतो त्याहून कमी आला, दाताचा वेगळा. चोरलेली वीट दरवाज्याच्या डाव्या अंगाला बसवली आहे. फक्त दोन पिवळ्या बिजागऱ्या मिळत नाहीत, त्यामुळं मूळ किल्ला मधून उघडतो तसा आमचा उघडत नाही. आपल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत किंवा मुलांच्या डब्यात अशी बिजागरी असेल तर कृपया निलंग्याला पाठवावी. रंग हळदी हवा, लिंबू नको. टपालखर्च मी देईन, पण साध्या टपालानं.