उभयान्वयी गृहस्थ

उभयान्वयी गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक असतात. दोन असले तर वार्षिक सभा जेवणाच्या वेळेपर्यंत चालते. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, शिक्षण मराठी शाळेत, नोकरी बँकेत, टपाल खात्यात किंवा जिल्हा परिषदेत झालेली, आणि निवृत्तीनंतर सोसायटीचे सचिवपद बिनविरोध गळ्यात पडलेले. इंग्रजी बोलायला लागले की यांच्या तोंडून कर्त्याआधी अव्यय बाहेर पडते. मोअरओव्हर, फर्दरमोअर, हेन्स, नेव्हरदलेस. इतर माणसे आधी काय बोलायचे ते ठरवतात आणि मग वाक्ये जोडतात. हे गृहस्थ जोड आधी काढून ठेवतात आणि मग तिच्या दोन्ही बाजूंना लावण्याजोगे काही सापडते का ते बघतात.

शालेय मराठी व्याकरण उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वबोधक आणि गौणत्वबोधक असे दोन गट करते. पहिल्या गटात समुच्चय, विकल्प, न्यूनत्व आणि परिणाम हे चार पोटभेद येतात. गृहस्थांचे इंग्रजी याच क्रमाने तपासणे सोयीचे.

समुच्चयबोधकात त्यांना साधे 'अँड' चालत नाही. 'अँड'ने वाक्य सुरू करणाऱ्याला त्यांच्या शाळेत छडी मिळत असे. १६११ च्या इंग्रजी बायबलातल्या पहिल्याच अध्यायात जवळजवळ प्रत्येक वचन 'अँड'नेच सुरू होते, पण तिथपर्यंत छडी पोचत नव्हती. म्हणून गृहस्थ 'मोअरओव्हर' वापरतात. फलकावरची सूचना अशी असते: 'द वॉटर टँक विल बी क्लीन्ड ऑन संडे. मोअरओव्हर, देअर विल बी नो वॉटर.' टाकी धुतल्यामुळे पाणी नसणार की टाकी धुणे ही एक आपत्ती आणि पाणी नसणे ही दुसरी, हे सूचनेवरून कळत नाही. रहिवासी शनिवारी रात्रीच बादल्या भरून ठेवतात.

विकल्पबोधकात विशेष काही नाही. विकल्प द्यायचा त्यांचा स्वभाव नाही. सूचनेत 'ऑर' दिसलाच, तर त्याच्या पुढे दंडाची रक्कम असते.

न्यूनत्वबोधक हे मात्र त्यांचे खरे कार्यक्षेत्र, आणि त्यातही 'हाउएव्हर'. पण, परंतु, परी, तरी या घराण्यातले हे अव्यय. पहिल्या वाक्यात काही उणे राहिले आहे आणि ते आता पुढे येणार, अशी सूचना देणे एवढेच त्याचे काम. गृहस्थांच्या हाउएव्हरनंतर असे उणे काहीच येत नाही. त्यांना ते भारदस्त 'आणि' वाटते. शिवाय हाउएव्हर म्हटल्यावर थांबून चष्मा वर सरकवायचा आणि समोरच्यांकडे एकदा पाहून घ्यायचे, ही जन्माची सवय. त्या दोन-तीन सेकंदांत ऐकणाऱ्यांचे जे हाल होतात त्यांची त्यांना कल्पना नाही.

सोसायटीचे माजी खजिनदार गेले. शोकसभेत गृहस्थ उठले. 'ही वॉज अ व्हेरी ऑनेस्ट ट्रेझरर. हाउएव्हर,' आणि चष्मा. मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. लिफ्टच्या दुरुस्तीचा हिशेब अनेकांना एकदम आठवला. कैलासवासींच्या चिरंजीवांनी खाली घातलेली मान वर केली. 'ही वॉज आल्सो व्हेरी पंक्च्युअल,' गृहस्थांनी वाक्य पुरे केले आणि ते बसले.

पहिल्या मजल्यावरच्या मुलाचे लग्न नागपूरकडे ठरत आले होते. मुलीच्या मामांनी चौकशीला म्हणून सचिवांना फोन लावला. 'मुलगा उत्तम आहे. हाउएव्हर,' एवढे बोलून गृहस्थ लिफ्टमध्ये शिरले आणि रेंज गेली. मामांनी पुन्हा फोन केला नाही. पुढचे वाक्य 'तो चहासुद्धा घेत नाही' असे होते, हे बाहेर येईपर्यंत नागपूरकरांनी दुसरे स्थळ पाहिले होते.

घरच्यांचीही यातून सुटका नाही. काकूंच्या तपासण्या झाल्या तेव्हा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश पडला: 'ऑल रिपोर्ट्स आर नॉर्मल. हाउएव्हर'. बोट चुकून बाणावर पडले होते. उरलेला भाग, म्हणजे 'थँक्स फॉर एन्क्वायरिंग', चष्मा सापडल्यावर गेला. तोवर साताऱ्याच्या वन्सं पुण्याच्या एसटीत बसून शिरवळपर्यंत आल्या होत्या. काकूंनी त्या दिवशी सांगून टाकले, 'अहो, माझं बीपी गोळीनं उतरतं आणि तुमच्या हाउएव्हरनं चढतं. यापुढे मला हो की नाही एवढंच सांगत जा.' गृहस्थ 'हो' म्हणाले. चष्मा मात्र वर सरकलाच.

व्याकरणाच्या काटेकोर हिशेबात हाउएव्हर हे उभयान्वयी अव्यय नाहीच. 'बट' दोन वाक्यांच्या मधे स्वल्पविरामावर उभे राहू शकते. हाउएव्हर पडते क्रियाविशेषण, त्याच्याआधी पूर्णविराम नाहीतर अर्धविराम लागतो. नुसत्या स्वल्पविरामावर दोन वाक्ये टांगली की इंग्रजीचे मास्तर लाल पेन काढतात. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंग्रजीच्या बाईंनी हे गृहस्थांना फलकापाशी उभे राहून समजावून सांगितले. गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, 'करेक्ट. हाउएव्हर,'.

परिणामबोधकात 'हेन्स' आणि 'देअरफोर' हे दोघे. यांच्या बाबतीत गृहस्थ कमालीचे कडक. कारण सांगितल्याशिवाय परिणाम सांगायचा नाही. त्यांची नात प्रत्येक वाक्य 'सो'ने सुरू करते: 'सो आजोबा, मी आज स्विमिंगला गेले.' यावर आजोबा विचारतात, 'कशाचा परिणाम म्हणून?' नात इंग्रजी शाळेत शिकते, तिला हा प्रश्न मराठीतही कळत नाही आणि इंग्रजीतही.

गौणत्वबोधकांत गृहस्थांचे शिक्षण दिसते. मराठीत जर आला की तर येतो आणि जरीमागे तरी येतो. इंग्रजीत अशा ठिकाणी एकाच शब्दावर भागते. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम' हे वाक्य महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या याच जोडगोळीच्या सवयीतून जन्माला आले. बट गाळावे लागते, पण गृहस्थांना ते एकट्या मुलाला परगावी धाडल्यासारखे वाटते. 'अनलेस'मध्ये नकार आधीच दडलेला असतो, तरी ते खात्रीसाठी वर एक 'नॉट' ठेवतात. त्यामुळे 'अनलेस यू डू नॉट पे द मेंटेनन्स, वॉटर विल बी डिस्कनेक्टेड' या सूचनेप्रमाणे पैसे भरणाऱ्यांचे पाणी तुटते. सुदैवाने सूचना शेवटपर्यंत कोणी वाचत नाही.

याचे मूळ शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत आहे. 'डू ॲज डायरेक्टेड' या प्रश्नाखाली साध्यासुध्या वाक्यांना नाना आसने करायला लावत. 'ॲज सून ॲज'चे 'नो सूनर... दॅन' करा, 'इफ'चे 'अनलेस' करा, 'टू' काढून 'सो... दॅट' घाला, 'नॉट ओन्ली... बट आल्सो' वापरा. चोर पोलिसाला पाहताच पळाला, हे एकच वाक्य चार तऱ्हांनी लिहिता आले की पैकीच्या पैकी गुण. चोराचे पुढे काय झाले हे कुठल्याच प्रश्नात विचारले जात नसे. गाइडाच्या जोडीला रेन आणि मार्टिनचे जाडजूड व्याकरण होते. यातले पी. सी. रेन हे परदेशी लष्करातल्या साहसांवरच्या 'बो जेस्ट' (१९२४) या कादंबरीचे लेखक. गृहस्थांना ही माहिती रुचत नाही. ज्या माणसाने 'लेस्ट'नंतर 'शुड'च येतो हे सांगितले त्याने वाळवंटातल्या गोळीबारावर वेळ घालवावा, हे त्यांना कमीपणाचे वाटते. फाटकावरची पाटी त्यांनी रेनसाहेबांना स्मरूनच लिहिली आहे: 'कीप द गेट क्लोज्ड लेस्ट डॉग्ज शुड एंटर.' कुत्री येतात.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. गृहस्थांच्या पिढीची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. शब्द पाठ करता येत, वाक्ये मात्र सुटी पडत. नोकरीत लागल्यावर त्यांच्या ध्यानात आले की खात्यात तुटक वाक्ये कारकून बोलतो आणि जोडलेली वाक्ये साहेब बोलतो. बढतीच्या मुलाखतीत त्यांना पहिल्यांदा हाउएव्हर सुचले, आणि समोरचे तिन्ही साहेब हातातले कागद खाली ठेवून पुढचे ऐकायला थांबले. बढती मिळाली. त्या हाउएव्हरपुढे ते काय बोलले होते, हे आता त्यांनाही आठवत नाही.

शेजारचा मुलगा परदेशी शिकायला निघाला. आयईएलटीएस परीक्षेच्या निबंधाची तयारी गृहस्थांनी आपणहून अंगावर घेतली. निबंध किमान २५० शब्दांचा. त्यात त्यांनी मोअरओव्हर, नेव्हरदलेस आणि ऑन द कॉन्ट्ररी अशी रोषणाई केली की मूळ मुद्दा दिसेनासा झाला. लेखनात मुलाचे गुण घसरले. या परीक्षेत निबंधाला चार निकष असतात. त्यांतला एक सुसंगती आणि जोडणीचा, आणि त्यात जोडशब्दांचा अतिरेक ही खालच्या श्रेणीची खूण मानली जाते. सर्वोच्च, म्हणजे नववी श्रेणी मिळते ती वाचणाऱ्याचे जोडणीकडे सहसा लक्षच जात नाही अशा लेखनाला. मुलाने हे वाचून दाखवले तेव्हा गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'लक्षच जाणार नसेल, तर घालायचं कशाला?'

हॅलिडे आणि हसन यांनी 'कोहीजन इन इंग्लिश' (१९७६) या ग्रंथात संहिता बांधणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या. उभयान्वय त्यांतली एक. उरलेल्या चार म्हणजे निर्देश, प्रतियोजन, लोप आणि शब्दांची पुनरुक्ती वा सलगी. यांतले लोप म्हणजे न बोलता सोडून देणे. गृहस्थांच्या घरी ते खाते काकूंकडे आहे.

कायद्याच्या इंग्रजीत मात्र गृहस्थ माहेरी आल्यासारखे रमतात, कारण तिथे जोडशब्दांना पगार असतो. संविधानाच्या ३७१व्या अनुच्छेदात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आहे, ती 'नॉटविथस्टँडिंग एनिथिंग'ने सुरू होते. बाकी संविधानात काहीही असो, हे चालेल, असे तो एक शब्द सांगतो. गृहस्थांनी पार्किंगच्या नियमांची सुरुवातही याच शब्दाने केली आहे.

या वेडाचा कुणाला उपयोग झाला असेल असे वाटत नाही. पण एकदा झाला. सोसायटीत पोळ्यांना येणाऱ्या बाईंचा नवरा एका कारखान्यात होता. नोकरीला साडेतीन वर्षे झाली असताना तो वारला. कारखान्याच्या कचेरीतून बाईंना सांगण्यात आले की ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची नोकरी लागते, त्यामुळे काही मिळणार नाही. बाईंनी ऐकून घेतले. सोसायटीतल्या तीन पदवीधरांनीही १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचे चौथे कलम मोबाइलवर काढून पाहिले आणि पाच वर्षे हे शब्द वाचून मोबाइल खिशात घातला. गृहस्थ पुढे वाचत गेले, कारण पुढचे वाक्य 'प्रोव्हायडेड दॅट'ने सुरू होत होते आणि असले वाक्य अर्धे टाकणे त्यांच्या रक्तात नाही. नोकरी मृत्यूमुळे किंवा अपंगत्वामुळे संपली असेल तर पाच वर्षांची अट लागू नाही, असे ते परंतुक सांगत होते.

गृहस्थांनी बाईंना समोर बसवून पत्र लिहिले, मजकूर मराठीत समजावला, अंगठा कुठे उठवायचा ते दाखवले आणि रजिस्टर पोस्टाचे पैसे स्वतः भरले. पत्रातले पहिले वाक्य, मयताची नोकरी पाच वर्षांहून कमी होती. दुसरे वाक्य हाउएव्हरने सुरू झाले. त्याच्याआधी पूर्णविराम होता, आणि पुढे या खेपेला खरोखरच काही होते. रक्कम मोठी नव्हती, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराचा हिशेब. पण आली. बाई पेढे घेऊन आल्या तेव्हा गृहस्थ त्यांना 'प्रोव्हायडेड दॅट' आणि 'प्रोव्हायडिंग' यांतला फरक सांगत बसले, आणि बाईंनी तो उभ्याने, पदर खोचून, पूर्ण ऐकून घेतला.

अलीकडे या जमातीवर एक नवे संकट आले आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून मोअरओव्हर आणि फर्दरमोअर दिसले की लोक मजकूर यंत्राचा समजतात. फलकावरची एक सूचना पाहून दुसऱ्या मजल्यावरच्या तरुण सभासदाने ग्रुपवर लिहिले, 'काका, निदान एडिट तरी करत जा.' गृहस्थ रात्रभर झोपले नाहीत. सकाळी त्यांनी आपल्या जुन्या सूचनांच्या कार्बन कॉपींची फाइल काढून फलकाखाली स्टुलावर ठेवली. दोन दिवस ती तिथेच होती. दूधवाल्याने तिच्यावर पिशव्या ठेवल्या.

पुढच्या वार्षिक सभेत त्याच तरुणाने ठराव मांडला की सोसायटीच्या सूचना यापुढे मराठीत निघाव्यात. हात भराभर वर गेले. इतिवृत्त लिहिण्याचे काम सचिवांचे असल्यामुळे ते गृहस्थांनीच लिहिले, मोत्यासारख्या अक्षरात: 'सूचना मराठीत काढण्याचा ठराव सर्वानुमते संमत झाला. तथापि, सभेनंतर सर्व सभासदांना चहा देण्यात आला.'