तहान लागल्यावर रेल्वे

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं आपल्याकडे उगाच सांगतात. आधीच खणून ठेवलेल्या विहिरीची बातमी होत नाही. तिचं पाणी पिणारा कुणाचे आभार मानत नाही, तिच्या काठावर कुणी फलक लावत नाही. मदत करायची तर समोरचा आधी नीट तहानलेला हवा. लातूर-नांदेडकडे ही जाण मुरलेली आहे.

२०१६ सालच घ्या. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लागलं: पाच जणांपेक्षा जास्त जमायचं नाही. घरात सहा माणसं असतील त्यांनी सहाव्याची तहान घरीच ठेवून यावं. मग १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वे आली. राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात धुऊन काढलेले दहा टँकर-डबे, सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास आणि ५ लाख लिटर पाणी. शहर चार-पाच लाखांचं, म्हणजे माणशी तांब्याभर. पण तांब्या केवढ्या लांबून आला, हे पाहायला नको का? श्रेय कुणाचं यावरून पक्षापक्षांत जुंपली, तेव्हा पाणी खरंच मोलाचं आहे याची खात्री पटली. कारण फुकटच्या गोष्टीवरून कुणी भांडत नाही.

पुढे गाडी पन्नास डब्यांची झाली, ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या. मे महिन्यात रेल्वेने जिल्हा प्रशासनाकडे सुमारे ४ कोटींचं बिल धाडलं. काहींना ते बोचलं. मला तर हा हिशेबीपणा भावला; दूत झाला म्हणून काय भाडं चुकतं? त्याआधी एप्रिलमध्येच औसा तालुक्यात बेलकुंडला मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरायचं होतं. धूळ उडू नये म्हणून हेलिपॅडवर १०,००० लिटर पाणी मारल्याच्या बातम्या आल्या. लोकांनी बोंब मारली. दुष्काळाची पाहणी करायची तर डोळ्यात धूळ जाऊन कसं चालेल?

काही खुसपटं काढणारे विचारतात, धरणात पाणी नव्हतं तर त्याआधीची वर्षं मांजराकाठचा ऊस कशावर पोसला? अहो, मांजराचं पाणी उसाने प्यायलं म्हणून तर मिरजेहून कृष्णेचं पाणी माणसांना मिळालं. एकाच नदीवर दोघांचा भार कशाला?

नांदेडकडे, मुखेड-कंधारच्या माळावर, रेल्वेचा थाट नाही. तिथे टँकर. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव, मग पंचायत समिती, मग तहसील, मग गावात खरंच पाणी नाही याची पाहणी. गावकऱ्यांना पाणी नसल्याचं आधीपासून माहीत असतं, पण ते पडले अडाणी. त्यांची तहान सही-शिक्क्याशिवाय ग्राह्य धरता येत नाही. मंजुरी मिळाली की माणशी २० लिटरचा हिशेब. टँकर येतो आणि कोरड्या विहिरीशी उभा राहतो. “सरका मावशी, पाइप सोडायलोय,” ड्रायव्हर ओरडतो. पाणी विहिरीत पडतं, तळाचा गाळ ढवळतो, थोडं कपारीत जिरतं, उरलेलं बायका पोहऱ्याने शेंदून वर काढतात. वर असलेलं पाणी खाली सोडून पुन्हा वर ओढायचं! सरळ घागरीत सोडलं असतं तर पाच मिनिटांत सगळं आटोपलं असतं आणि दुष्काळ आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

याच नांदेड जिल्ह्यात, धर्माबाद तालुक्यात, गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवायची. नदी दुथडी असते ते हेच महिने. दारं बंद होतात तोवर पाऊस परतीला लागलेला असतो. शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खालच्या राज्याला सोडायचं. एवढा पैसा ओतून बंधारा बांधला, पण पावसाळ्यात त्याने नदीला कधी हटकलं नाही. असा सुस्वभावी बंधारा विरळा.

२०१६ च्या परतीच्या पावसात मांजरा धरण भरलं आणि मदत करणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. पण फार दिवस काळजी करावी लागली नाही. धरणात पाणी दिसताच काठावर पुन्हा ऊस लागला. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा यादीतली आपली जागा मराठवाड्याने सोडली नव्हती.