सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर

आमच्या मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आसपास, औषध न सांगणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पदवी असलेले थोडे आहेत, पण प्रॅक्टिस सगळ्यांचीच जोरात आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी मला लिफ्टमध्ये दोन शिंका आल्या. तळमजला येईपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एक गोळी, एक काढा आणि वाफ असा तिहेरी उपचार सांगितला. गेटवर वॉचमनने "साहेब, व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे" असं निदान केलं. ठाण्याहूनच भरून आलेल्या लोकलमध्ये विक्रोळीपर्यंत तीन सल्ले जमा झाले, आणि घाटकोपरला मेट्रोसाठी उतरता उतरता एकजण मान वळवून ओरडला, "अझिथ्रो घ्या, तीन दिवस!" फी घ्यायलासुद्धा थांबला नाही बिचारा.

संध्याकाळी मेडिकलमध्ये गेलो. मी तोंड उघडण्याआधीच काउंटरवरच्या मुलाने कात्री घेतली आणि पट्टीतून चार गोळ्या कापून दिल्या. "सर्दी ना? सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर." फार्मासिस्ट कुठे आहेत, असं मी विचारलं. त्याने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. फ्रेममध्ये प्रमाणपत्र होतं, त्यावर फोटोही होता. माणूस जेवायला गेला होता. माझ्या हिशेबाने तो गेली दोन वर्षं जेवतोच आहे.

आता सांगा, ज्या गावात हे असं बिनबोभाट चाललंय, त्याच गावच्या मंत्रालयात 'एमबीबीएस डॉक्टरांखेरीज इतरांना औषधं लिहायला शिकवावं की नाही' यावर २०१४ पासून घोळ चालू आहे! जे आम्ही लिफ्टच्या दोन मजल्यांत उरकतो, ते सरकारला दशकभरात जमलेलं नाही.

प्रकरण असं आहे. २०१४ साली राज्याने कायदे दुरुस्त केले. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केला की त्यांना ॲलोपॅथीची औषधं लिहिता येतील, असं ठरलं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कोर्स सुरू केला. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची संघटना, म्हणजे आयएमए, कोर्टात गेली. मुलं परीक्षा देऊन पास झाली आणि प्रमाणपत्रं घेऊन बसून राहिली, कारण त्या प्रमाणपत्राचं करायचं काय हे कोणी सांगेना. डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने दुकानदारांना कळवलं की यांच्या चिठ्ठीवर औषध द्यायला हरकत नाही. जून २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्र वैद्यक परिषदेने जाहीर केलं की १५ जुलैपासून यांची नोंदणी सुरू. आयएमएने संपाचा इशारा दिला, तेव्हा जुलैत नोंदणी थांबली आणि समिती नेमली गेली. होमिओपॅथ आझाद मैदानात जाऊन बसले. सप्टेंबरमध्ये नोंदणी पुन्हा सुरू करा असा आदेश निघाला, आणि १८ सप्टेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी राज्यभर एक दिवस काम बंद ठेवलं. सरकारचंही औषध सकाळ-संध्याकाळच. सकाळी परवानगी, संध्याकाळी स्थगिती.

त्या संपाच्या दिवशी आमच्या मेडिकलमधल्या मुलाला मात्र बोलायला फुरसत नव्हती.

दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं तर दोन्ही पटतं, हीच अडचण आहे. होमिओपॅथ म्हणतात, दुर्गम भागात एमबीबीएस येत नाही, मग आम्ही हात बांधून पेशंटकडे बघत बसायचं का? आयएमए म्हणते, साडेपाच वर्षं घासून जे शिकायचं, ते एका वर्षात कसं येईल? दुर्गम भागाचा कळवळा दोघांच्याही तोंडी आहे. दवाखान्याच्या पाट्या मात्र अंधेरी-बोरिवलीच्या स्टेशनबाहेर एकमेकींच्या खांद्यावर चढलेल्या दिसतात. बोरिवली पश्चिमेइतका दुर्गम भाग राज्यात दुसरा नसावा. संध्याकाळी सातला तिथून रिक्षा मिळवून बघा.

यातली खरी गंमत दिवसा दिसत नाही, ती रात्री अकरानंतर दिसते. उपनगरातल्या कुठल्याही लहानशा नर्सिंग होममध्ये जा. मोठे डॉक्टर घरी झोपलेले असतात. वॉर्डात जागा असतो तो आरएमओ, आणि तो बहुतेक वेळा होमिओपॅथीचा बीएचएमएस नाहीतर आयुर्वेदाचा बीएएमएस असतो. सलाइन तोच लावतो, इंजेक्शन तोच देतो, नातेवाइकांच्या शिव्याही तोच खातो. पगार विचारू नका, तो होमिओपॅथीच्या तत्त्वाप्रमाणे अतिसूक्ष्म असतो. म्हणजे रात्रभर जो चालतो, तो सकाळी सूर्य उगवला की अपात्र होतो. एमबीबीएस आरएमओ परवडत नाही म्हणून याला ठेवायचं, आणि नोंदणीचा विषय निघाला की रुग्णांच्या जिवाशी खेळ म्हणून घोषणा द्यायच्या. डॉक्टरसाहेब, तुमची ही तऱ्हा पेटंट आहे!

कायदा या बाबतीत झोपलेला नाही, फक्त त्याला उठवायला कोणीतरी मरावं लागतं. १९९२ साली मुंबईत एका होमिओपॅथने तापाच्या पेशंटला ॲलोपॅथीची औषधं दिली आणि पेशंट दगावला. पत्नी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९६ साली न्यायालयाने सांगितलं की ज्या पॅथीचं ज्ञान नाही, तिची औषधं देणारा भोंदूच. भरपाई तीन लाख रुपये. भोंदू म्हणजे बुवाबाजी करणाराच असं आपण समजतो, कोर्टाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. ती लावली तर आमच्या सोसायटीची जनरल बॉडी ऑर्थर रोडला भरवावी लागेल.

भांडणही काही नवं नाही. मुंबई इलाख्यात एलसीपीएस नावाचे डॉक्टर असत. एमबीबीएसपेक्षा कमी शिक्षण, पण गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या नाड्या त्यांना पाठ. कंपाउंडर पडद्याआड गुलाबी मिक्श्चर करायचा आणि बाटलीला डोसांच्या कंगोऱ्यांची कागदी पट्टी चिकटवायचा. १९४६ साली भोर समितीने सांगितलं, देशात एकाच दर्जाचा डॉक्टर हवा. समितीतल्याच काहींना ते पटलं नव्हतं. पुढे लायसेन्शिएट संपले, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर बसायला जो आला तो आजतागायत भांडतोच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर' नावाचा नवा पाहुणा आणला. प्राथमिक आरोग्याची ठरावीक औषधं त्याने स्वतः लिहावीत, आणि अशांची संख्या डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून जास्त नसावी, अशी ती तरतूद. तेव्हाही संप झालाच.

हे सगळं वाचून मी सेक्रेटरींना सुचवलं की आपणच सोसायटीत एक कोर्स काढू. प्रॅक्टिस तर सगळे करतातच, निदान परीक्षा तरी होऊ दे. मी प्रश्नपत्रिकाही काढली.

प्रश्न पहिला, गाळलेली जागा भरा: 'माझ्या भावजयीलाही अगदी ...... झालं होतं, ती याच गोळीने उठून बसली.' प्रश्न दुसरा, जोड्या लावा: गेल्या महिन्याच्या कोर्समधून उरलेल्या दोन गोळ्या, आणि आज शिंकलेला शेजारी. प्रश्न तिसरा, एका शब्दात उत्तर द्या: अँटिबायोटिकने व्हायरल सर्दी जाते का? (बरोबर उत्तर लिहिल्यास गुण मिळतील, पण सोसायटीतलं वजन जाईल.) प्रश्न चौथा: पट्टीवरची लाल रेघ कशासाठी असते, की ती डिझाइन आहे? प्रश्न पाचवा, पन्नास गुण: कोणत्या पेशंटला तुम्ही स्वतः औषध देणार नाही, ते सकारण लिहा.

सेक्रेटरींनी पाचव्या प्रश्नावर काट मारली. म्हणाले, "हा ठेवला तर सगळे नापास होतील."

आणि खरी अडचण तिथेच आहे. डॉक्टर नसलेला माणूस औषध देऊ शकतो का, याचं उत्तर महाराष्ट्राने केव्हाच दिलेलं आहे, तेही गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजणं कठीण, त्यांच्यासाठी श्वास मोजायचं मण्यांचं साधन केलं. नंतर नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. ३९ गावांतल्या या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तिथला नवजात बालकांचा मृत्युदर निम्म्याहून जास्त घटला होता. त्या बायकांजवळ पदवी नव्हती. त्यांच्याजवळ मोजक्या आजारांची यादी होती, मोजकी औषधं होती, धोक्याची लक्षणं पाठ होती, आई-बापांना हॉस्पिटलात न्यायला सांगायची सवय होती, आणि मागे कोणीतरी तपासायला येत होतं.

ब्रिटनमध्ये २००६ पासून प्रशिक्षित नर्स आणि फार्मासिस्ट डॉक्टरांच्या सहीशिवाय औषधं लिहितात. पण आधी कोणाच्या तरी नजरेखाली काम करावं लागतं, आणि आपल्या आवाक्यातल्या आजाराबाहेर पेन चालवायचं नसतं. म्हणजे तिथेही कोर्सचा मोठा भाग पाचव्या प्रश्नाचाच.

आमच्याकडे दहा-अकरा वर्षं चर्चा चालली ती रजिस्टरात नाव कुठे लिहायचं, पाटीवर अक्षरं कोणती रंगवायची, चिठ्ठीवर शिक्का कोणाचा, याची. पेशंटला कधी हात लावायचा नाही, आणि लावला तर जबाब कोण देणार, यावर संप झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

माझी सर्दी सहाव्या दिवशी गेली. गोळ्या खाल्ल्या नाहीत, कारण कापताना त्या मुलाने नाव आणि मुदत छापलेला भाग दुकानातच ठेवून घेतला होता. मी परत जाऊन विचारलं, "या घेऊन रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोणाला करू?" त्याने पुन्हा फ्रेमकडे बोट दाखवलं.

हाच प्रश्न मी काकूंना विचारला. त्यांनी आधी स्वतःचा नंबर दिला. मग म्हणाल्या, "पण तीन दिवसांत ताप उतरला नाही, की माझं ऐकत बसायचं नाही. गुमान डॉक्टरकडे जायचं."

पाचव्या प्रश्नात पन्नासपैकी पन्नास. नोंदणी कोणाचीही करा, आधी एवढं विचारून घ्या.