उभयपक्षी निषिद्ध

वातरक्त हा सुखवस्तूंचा रोग, याविषयी पौर्वात्य आणि पाश्चात्य वैद्यकाचे जे दुर्मीळ मतैक्य आहे, त्याने माझ्यासारख्या पेन्शनरास पहिले काही दिवस मनातून सुखावले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९व्या अध्यायात या व्याधीचे अधिकारी म्हणून सुकुमार, सुखासीन आणि पायी चालण्याचा कंटाळा असलेली मंडळी सांगितली असून, घोडे व उंट यांवरून हिंडणे हेही एक कारण म्हणून नमूद आहे. तर १६८३ साली यावर प्रबंध लिहिणारे आणि स्वतःच त्याने गांजलेले लंडनचे सिडनहॅमसाहेब, हा रोग मूर्खांपेक्षा शहाण्यांना अधिक गाठतो, अशी स्वतःची समजूत काढून गेले. उंटाचा योग मला कधी आला नव्हता. अंगठा मात्र असा सुजला, की पांघरुणाचा स्पर्शही सोसेना.

डॉक्टर म्हणाले, रक्तातले यूरिक आम्ल शंभर मिलिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले, की त्याचे सुईसारखे स्फटिक होतात आणि शरीराच्या थंड टोकाला, म्हणजे अंगठ्याच्या सांध्यात, मुक्काम ठोकतात. वैद्यबुवांच्या मते बिघडलेल्या रक्ताने बिघडलेल्या वायूची वाट अडवली होती आणि हा विकार पायापासून निघून उंदराच्या विषासारखा सर्वांगी पसरणार होता. ही उपमा देताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला आवडली नाही. औषधांविषयी इतकेच, की गुळवेल कडू होती आणि कोल्चिसीनने पोट बिघडवले.

खरा तंटा ताटात उद्भवला. डॉक्टरांनी कलेजी, बांगडा आणि मटणाचा रस्सा बंद करून डाळींस व ताकास मुभा दिली; वैद्यबुवांनी दही, ताक, उडीद, कुळीथ आणि दुपारची झोप बंद करून, लावा-तित्तिरांच्या मांसरसास मात्र संहितेची संमती असल्याचे सांगितले. दोघांच्या सवलती एकत्र वाचाव्यात, असा अर्ज मी घरी गुदरला. परंतु आमच्या कुटुंबाने, दोन्ही दरबारांच्या मनाया कायम व सवलती रद्द, असा फैसला त्याच बैठकीत दिला.

उभयपक्षी निर्दोष ठरला तो चाकवत. परंतु ज्या ताकावाचून चाकवताला चाकवत म्हणवत नाही, तेच निषिद्ध असल्यामुळे तो नुसत्या पाण्यात शिजून माझ्यापुढे येतो, आणि वैद्य व डॉक्टर दोघेही माझी प्रकृती सुधारत असल्याचे सांगून तिचे श्रेय आपापल्या खाती जमा करतात.