एक दिवस कमी

क्रिस ब्रायंट तेव्हा 23 वर्षांचा होता. 2014 मध्ये बेसबॉलच्या मायनर लीगच्या वरच्या दोन पायऱ्यांवर मिळून त्याने 43 होमरन ठोकले. 2015 च्या मार्चमध्ये शिकागो कब्जच्या सराव सामन्यांत आणखी नऊ. मेजर लीगचे दार उघडायला यापेक्षा जास्त काय करायला हवे होते?

क्लबने त्याला खाली, आयोवातल्या मायनर संघात पाठवले. कारण दिले, क्षेत्ररक्षण कच्चे आहे.

मोसम सुरू होऊन बारा दिवस झाले आणि वर बोलावले. बारा दिवसांत कोणाचे क्षेत्ररक्षण सुधारते?

मेख होती पंचांगात. मेजर लीगमध्ये 172 दिवस म्हणजे नोकरीचे एक पूर्ण वर्ष. अशी सहा वर्षे भरली की खेळाडू मोकळा. हव्या त्या क्लबकडे जावे, हवा तो भाव मागावा. 2015 चा मोसम 183 दिवसांचा होता. त्यातले 12 वजा करा.

उरले 171.

त्या एका दिवसापायी सहाची सात वर्षे झाली. पहिल्या सामन्यात ब्रायंट तीनदा स्ट्राइकआउट झाला, हे खरे. पण मोसम संपला तेव्हा नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित तोच होता, आणि तोही एकमताने. पुढच्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कब्जने 1908 नंतर प्रथमच वर्ल्ड सीरिज जिंकली. या दिवसांच्या हिशेबाविरुद्ध त्याने दाद मागितली होती. निकाल लागला 2020 मध्ये, क्लबच्या बाजूने. नियम कोणी मोडलाच नव्हता.

नियमच तसा होता.

सिॲटल मरिनर्सच्या अध्यक्षांनी 2021 मध्ये एका रोटरी क्लबसमोर हे उघड बोलून टाकले. गुणी पोरांना वर न आणण्यामागे हाच दिवसांचा हिशेब आहे, असे स्वच्छ सांगितले. गदारोळ झाला, त्यांची खुर्ची गेली. पद्धत राहिली.

कोणी म्हणेल, ब्रायंटला सही करतानाच 67 लाख डॉलर मिळाले होते, त्याचे काय एवढे? त्याचे सोडा. त्याच्या शेजारच्या लॉकरमधल्या पोराचे बोला.

2022 मध्ये ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजरच्या फक्त एक पायरी खाली, पगार वर्षाला सुमारे 17,500 डॉलर. वर पाऊल टाकले की किमान 7 लाख. एका पायरीत चाळीसपट! पायरी कधी चढायची, हे ठरवणार कोण? पगार देणारा.

वर कायदाही मालकांच्याच मदतीला. 2018 मध्ये अमेरिकी काँग्रेसने दोन हजारांहून जास्त पानांच्या खर्च विधेयकात एक तरतूद घातली. मायनरच्या पोरांना मोसमात आठवड्याला चाळीस तासांचे किमान वेतन द्या की झाले. जादा तासांचे काही नाही, मार्चमधल्या सरावाचेही नाही. रात्र रात्र बसमध्ये काढणाऱ्या पोरांसाठी कायदा एवढाच.

मग 2022 च्या सप्टेंबरमध्ये ही पोरे खेळाडूंच्या संघटनेत आली. 2023 च्या पहिल्याच करारात ट्रिपल-एचा पगार 35,800 डॉलर झाला. मालकांना हे आधी परवडत नव्हते का? परवडत होते. मागणारे एकटे होते.

दिवसांच्या हिशेबावरही मेजर लीगच्या 2022 च्या करारात उतारा शोधला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मिळेल.

आणि तिसऱ्याला?

मेजर लीगचा सध्याचा करार डिसेंबर 2026 पर्यंतचा आहे. पुढच्या करारात हे एक कलम बदला. पोराने क्लबशी सही केली, त्या दिवसापासून मोजणी सुरू करा. सहाऐवजी आठ वर्षे ठेवा, दहा ठेवा, भांडून काय ते ठरवा. पण पोराला खाली अडकवून मालकाचा एक दिवसही वाढता कामा नये.