तुघलकाची बाजू

महंमद तुघलकाला आमच्या घरात कुणी वेडा म्हणालं, तर ते आता मला खपत नाही. पूर्वी खपायचं. 'राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवणारा लहरी सुलतान' एवढं लिहून मीही शाळेत दोन मार्क मिळवले आहेत. पण यंदा आम्ही नऊ जणांनी तीन दिवसांसाठी छत्रपती संभाजीनगरला जायचं ठरवलं आणि त्या माणसाची खरी योग्यता मला कळली.

१३२७ च्या सुमारास त्याने हा घाट घातला. सगळी दिल्ली हलवली की फक्त अमीर-उमराव आणि मौलवी, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण जे कोण असतील, ते नऊपेक्षा जास्तच असणार. त्यानंतर काही वर्षांनी आलेला प्रवासी इब्न बतूता लिहितो, की दिल्ली ते दौलताबाद ही वाट चाळीस दिवसांची आणि दुतर्फा झाडं लावलेली होती. म्हणजे सुलतान बोलला, माणसं उठली आणि चाळीस दिवसांत पोचली. आम्ही डोंबिवलीचे. जायचं दौलताबादच्या शेजारच्याच शहरात, अंतर त्याच्या निम्मंही नाही, आणि एकोणपन्नासाव्या दिवशी आम्ही कल्याण स्टेशनसुद्धा गाठलेलं नव्हतं. आम्ही 'चर्चेत' होतो.

रीतीप्रमाणे आधी ग्रुप निघाला. साडूंनी त्याचं नाव 'मिशन संभाजीनगर' ठेवलं. भाच्याने ते 'लेणी गँग' केलं. मेव्हणीला गँग हा शब्द आवडला नाही, म्हणून 'आपली सहल' झालं. मग आईने फोटो टाकता टाकता कुठलंसं बटण दाबलं आणि ग्रुपचं नाव 'हो' असं झालं. ते आठवडाभर तसंच राहिलं. त्या ग्रुपवर कुणी कशालाही 'हो' म्हटल्याची तेवढीच नोंद आहे. शहराचीही नावं बदलत आली आहेत: मलिक अंबरच्या काळातली खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पण त्याला चारशे वर्षं लागली. आमचं पंधरा दिवसांत आटोपलं.

पहिला प्रश्न, जायचं कसं? नानांना रेल्वे हवी होती, कारण तिथे पाय लांब करता येतात. मुलाला वंदे भारत हवी होती, कारण तिच्यात मित्र जाऊन आला होता. मी समृद्धी महामार्गाचं नाव काढलं, तर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही कल्याण-शीळ रस्त्यावर घाबरता." साडूंच्या पुण्याच्या मंडळींना आमच्या कुठल्याच पर्यायाशी देणंघेणं नव्हतं, ते अहिल्यानगरमार्गे गाडीने येणार होते. तरीही मतं सगळ्यात जास्त त्यांचीच होती. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. ते उघडलं त्या सकाळी आमच्याकडे मतदान सुरू झालं. ते संपलं तेव्हा तपोवन एक्स्प्रेसला वेटिंग चौऱ्याऐंशी होतं.

साडू पुण्याचे असल्यामुळे त्यांनी एक्सेल शीट केली. अकरा रकाने. ठिकाण, अंतर, तिकीट, सावली, चहा, स्वच्छतागृह आणि 'नानांचा गुडघा' असा एक स्वतंत्र रकाना, हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत. पाणचक्की हिरवी. बीबी का मकबरा हिरवा. वेरूळ पिवळं. दौलताबादचा किल्ला, साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आणि मधला अंधारी नावाचा काळाकुट्ट वळणावळणाचा बोगदा धरून, लालभडक. अजिंठ्याला खालून वर न्यायला डोली मिळते असं साडूंनी कंसात लिहिलं होतं. त्यावर नानांनी उभ्या आयुष्यातला पहिला व्हॉइस मेसेज पाठवला: "चार जणांच्या खांद्यावरून जायची मला इतक्यात घाई नाही."

इब्न बतूताने एक ऐकीव गोष्ट नोंदवून ठेवली आहे. दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला सुलतानाने दौलताबादपर्यंत फरफटत न्यायला लावलं आणि शेवटी पोचला तो नुसता त्याचा पाय. नानांची समजूत काढायला मी हा दाखला दिला. माझ्या आयुष्यातल्या अनेक चुकांपैकी ती एक. नाना गुडघा चोळत म्हणाले, "म्हणजे त्याचा पाय तरी पोचला. माझा नेमका तोच पोचायचा नाही."

मग हॉटेल. मेव्हणीने सत्तावीस हॉटेलं पाहिली. प्रत्येकाचे चांगले दोनशे अभिप्राय सोडून वाईट चार वाचायचे, ही तिची पद्धत. एका ठिकाणी चहा गार होता. एका ठिकाणी खिडकीतून भिंत दिसत होती. एका ठिकाणी गरम पाणी फक्त सहा ते नऊ. "नऊ माणसं, तीन तास, दोन न्हाणीघरं," साडूंनी लगेच भागाकार केला, "आणि तुमच्याकडचे नाना एकटेच चाळीस मिनिटं घेतात." ज्या शहरात मलिक अंबरने मातीच्या नळांतून, नुसत्या उतारावर, कुठूनकुठून पाणी खेळवलं, जिथे पाणचक्कीत त्याच तऱ्हेने आणलेल्या पाण्याच्या जोरावर फकिरांसाठी पीठ दळलं जायचं, त्या शहराच्या पाण्यावरून आम्ही दोन घरं सहा दिवस बोलत नव्हतो.

जेवणाचंही ठरेना. नान-खलिया तिथला प्रसिद्ध. तुघलकाच्या लष्कराबरोबर तो तिकडे आला असं सांगतात. म्हणजे बघा, त्या वेड्या माणसाने हजारो तोंडांचा मेनूसुद्धा ठरवला होता. आमच्याकडे शनिवारी आईचा उपास, सोमवारी नानांचा, आणि मेव्हणी 'सध्या गहू सोडला आहे'. उरला रविवार. रविवारी आम्ही दिवसभर लेण्यांत. खलिया हा विषय शीटमध्ये 'बघू' या रकान्यात गेला. हा बारावा रकाना त्या दिवशी नव्याने काढला होता.

खर्चाची वेळ आली तेव्हा मला औरंगजेबाचा मुलगा आझमशाह आठवला. त्याने आईसाठी, दिलरास बानूसाठी, बीबी का मकबरा बांधला. ताजमहालाशी तुलना झाल्याशिवाय राहणार नाही हे माहीत असूनही बांधला. खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे, असा आकडा सांगितला जातो. ताजच्या मानाने हात आखडताच होता. म्हणून भिंतीला खालच्या भागात संगमरवर, वर चुन्याचा गिलावा, आणि लांबून दिसतो त्या घुमटाला पुन्हा संगमरवर. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. आमच्या फ्लॅटमध्येही हॉलला इटालियन दिसणारी फरशी आहे आणि बाल्कनीत कोटा. पण त्याहून जवळचे वाटतात ते शेवटचे सात आणे. ते लिहून ठेवणारा नक्की कुणाचा तरी साडू असणार.

एवढं सगळं होऊन पंचेचाळिसाव्या दिवशी आराखडा पक्का झाला. शनिवारी दुपारी पोचून मकबरा आणि पाणचक्की. रविवारी वेरूळ. सोमवारची सुट्टी जोडून आलेली, म्हणून सोमवारी अजिंठा. सगळ्यांनी अंगठे दिले. नानांनी चुकून रडका चेहरा दिला, पण तो अंगठा धरण्यात आला.

सेहेचाळिसाव्या दिवशी अकरावीतल्या माझ्या मुलीने जेवता जेवता मान वर न करता सांगितलं, "अजिंठा सोमवारी बंद असतं."

घरात अशी शांतता मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी ऐकली होती.

"मग मंगळवारी," मी म्हणालो.

"मंगळवारी वेरूळ बंद असतं. आणि तुम्हाला ऑफिस असतं. रविवारी अजिंठा करा, सोमवारी वेरूळ."

एका ओळीत प्रश्न सुटला होता. वर सोमवारी वेरूळ म्हणजे शेजारच्या घृष्णेश्वराला नानांना सोमवारचं दर्शन. देवाच्या बाजूनेही हरकत नव्हती. पण आपल्याकडे प्रश्न सुटणं आणि निर्णय होणं यांत फार अंतर आहे. शीटला कुणी हात लावू नये म्हणून साडूंनी पासवर्ड घातला होता, आणि तो ते विसरले होते. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्याच, किल्ल्याला खंदक, कडा आणि अंधारी आहे ती शत्रूला आत येता येऊ नये म्हणून. तसाच किल्ला साडूंनी एक्सेलमध्ये बांधला. फरक एवढाच, की देवगिरी बांधणाऱ्यांना स्वतःला आत जाता येत होतं.

"कागदावर लिहू की," मी सुचवलं. "कागदावर बेरीज कोण करणार?" साडू म्हणाले. तीन दिवस आम्ही पासवर्ड शोधला. त्यांच्या लग्नाची तारीख चालली नाही, यावरून मेव्हणी वेगळी रुसली.

एकोणपन्नासाव्या रात्री मला झोप येईना, तेव्हा हे सगळं का चाललं आहे ते लख्ख कळलं. नऊ जणांत एकालाही सहल नको नव्हती. एकालाही ती *ठरवायची* मात्र नव्हती. ठरवली की अंगावर आली. हॉटेलात झुरळ निघालं तर 'तूच बुक केलंस'. ऊन लागलं तर 'तुम्हीच म्हणालात सकाळी नको'. म्हणून आपण मतदान घेतो, शीट करतो, चारशे मेसेज पाठवतो. त्यात माहिती शून्य असते, पण पुरावा भरपूर असतो. आपल्याकडची सहलीची तयारी म्हणजे बिघडल्यावर दोष कुणाचा, याचं आगाऊ आरक्षण. त्याला वेटिंग नसतं.

आणि याला तुघलकच जबाबदार आहे. सगळ्यांसाठी मुक्काम आपण एकट्याने ठरवायचा आणि तो निर्णय स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा, हे त्याने एकदा करून पाहिलं. काही वर्षांनी त्याला सगळ्यांना परत दिल्लीला न्यावं लागलं आणि सातशे वर्षं व्हायला आली, त्याच्या शिव्या संपलेल्या नाहीत. हे पाहिल्यावर कुठला शहाणा कुटुंबप्रमुख पुढे होईल?

त्या मानाने जॉन स्मिथ सुखी. २८ एप्रिल १८१९ ला हा इंग्रज अधिकारी शिकारीला म्हणून निघाला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्याच्या शीटमध्ये अजिंठा नव्हतंच. मी मुद्दाम हिशेब करून पाहिला, तो बुधवार होता. म्हणून उघडं सापडलं. दहाव्या लेण्यात जाऊन त्याने भिंतीवरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. म्हणजे वृत्तीने तो आपल्यातलाच. फक्त नियोजनाने बाधलेला नव्हता.

पन्नासाव्या दिवशी मुलीने कुणाला न विचारता दोन खोल्या बुक केल्या, अकरा जागांची गाडी ठरवली आणि ग्रुपवर फक्त एक मेसेज टाकला: 'शनिवारी सकाळी सहा.' एकानेही विरोध केला नाही. सुटकेचा जो निःश्वास पडला तो पुण्यापर्यंत ऐकू गेला असावा, कारण पाठोपाठ साडूंचा अंगठा आला.

सहलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती चांगली झाली. देवगिरीच्या पायथ्याशी गाइड सांगत होता, की १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला तेव्हा राजा रामदेवरायाच्या किल्ल्यावर धान्याच्या म्हणून आणलेल्या गोण्यांत मीठ निघालं, अशी गोष्ट आहे. आम्ही सगळे हसलो. मग भूक लागली म्हणून बायकोने गाडीतून खाण्याची पिशवी मागवली. दशम्या, चटणी, चिवडा असलेली पिशवी डोंबिवलीला दारामागे होती. गाडीत होती ती इस्त्रीला टाकायच्या कपड्यांची. रामदेवरायाला लोक उगीच हसतात.

आणि सोमवारी वेरूळला, सोळाव्या लेण्यासमोर, आमचे साडू प्रथमच गप्प झाले. कैलास राष्ट्रकूटांच्या काळातला, कृष्ण पहिला याच्या नावावर सांगितला जाणारा. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला. आधी कळस, शेवटी पाया. चुकलं तर तिथे दगड परत लावता येत नाही. साडू बराच वेळ वर बघत राहिले. मला वाटलं, कलेने भारावले. मग हळूच म्हणाले, "पण राव, यांना मंजुरी कुणी दिली असेल?"

तेव्हा वाचकहो, सुट्ट्या जोडून येतील, ग्रुप निघतील. निघू द्या. पण पहिल्याच दिवशी घरातल्या एकाला तुघलक नेमून टाका, शक्यतो वयाने सगळ्यात लहान असलेल्याला. शिव्या द्यायचा हक्क बाकीच्यांनी राखून ठेवावा, सहलभर आणि पुढची सातशे वर्षं तो वापरावा. काही लक्षात ठेवायचंच असेल, तर एवढंच: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.