शिकवणारा गेम कसा करावा: भवानीनगर पद्धत

मुलांना हसतखेळत शिकवणारे गेम, ॲनिमेशन आणि ई-लर्निंगचे धडे करून द्यायचे तर हिंजवडीत ऑफिस लागते, हा गैरसमज आहे. बारामती-इंदापूर रस्त्यावर भवानीनगरला एक गाळा पुरतो. इन्व्हर्टर आधी घ्यावा, कंप्युटर नंतर. शेजारी वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार होतात, तेव्हा आपल्या हातून एक उडणारी चिमणी व्हायला काही अडचण नसावी. गाळा मात्र रस्त्याला लागून नको. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या आणि जमेल तेवढा मोठा साउंड घेऊन जातात, आणि ‘अ अननसाचा’ रेकॉर्ड करताना अननसामागे डीजे वाजतो.

पहिली पायरी म्हणजे माणसे ओळखणे. या धंद्यात चौघांशी संबंध येतो: पैसे देणारा, मंजुरी देणारा, उद्घाटन करणारा आणि गेम खेळणारा. पहिले तिघे बहुधा एकच असतात. त्यांना साहेब म्हणावे. चौथा तिसरीत असतो. त्याला कोणी बैठकीला बोलावत नाही, आपणही बोलावू नये. तो खरे बोलतो.

आता पहिला स्क्रीन. नवशिक्या डिझायनरला वाटते, इथे गेमचे नाव आणि ‘सुरू करा’ हे बटण असावे. तसे नसते. इथे गेम मागवणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांचा फोटो येतो, मग मार्गदर्शकांचा, मग अध्यक्षांचा, मग संचालक मंडळाचा. फोटोंचा क्रम स्वतःच्या डोक्याने लावू नये, फ्लेक्सवाल्याला विचारावे. कोणाचा चेहरा कोणाच्या खांद्याशी यावा, हात जोडलेला फोटो केव्हा आणि हात उंचावलेला केव्हा, निवडणूक जवळ आली की कोण एका रात्रीत डावीकडून मध्यभागी सरकतो, या शास्त्रात त्याच्याइतका अधिकारी माणूस तालुक्यात नाही. आपण ज्याला युजर इंटरफेस म्हणतो ते तो वर्षानुवर्षे चौकाचौकांत टांगतो आहे. फोटो हळूहळू उगवावेत, मागे सनई असावी. ‘स्किप’ बटण ठेवू नये. मूल ते दाबते, आणि नेमके साहेबांसमोर दाबते.

आवाज कोणाचा घ्यायचा हा प्रश्न तुमच्यापुढे येणारच नाही. साहेबांची पुतणी बारामतीला इंग्रजी माध्यमात असते.

विषय विचारला की उत्तर ठरलेले असते: ‘आपल्या मातीतलं काहीतरी करा, एकदम रिअल.’ म्हणजे ऊस. इथे सावध राहावे, कारण खरा ऊस हा गेमसाठी अत्यंत गैरसोयीचा प्राणी आहे. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तोड येईपर्यंत सोळा ते अठरा महिने जातात. खेळाडूने ‘लागण करा’ दाबले की पुढचे बटण त्याला चौथीत गेल्यावर दिसेल. म्हणून ऊस तीन सेकंदांत वाढवावा आणि त्यावर हसरा सूर्य काढावा.

चित्रे बाहेरच्या तयार संग्रहातून घेतलेली असतात, त्यामुळे शेतकरी गवती हॅट घालून लाल कोठारासमोर उभा असतो. हॅट काढून गांधी टोपी घालावी, कोठाराच्या जागी पत्र्याचे शेड टाकावे. गाय मात्र काळी-पांढरी आहे तशीच ठेवावी. आपल्या गोठ्यांत आता तीच असते, आणि खिलार काढली तर मुले तिला शर्यतीचा बैल समजतात.

बेणे निवडण्याच्या लेव्हलला मार्गदर्शन देऊ नये. भवानीनगरच्या मुलाने ८६०३२ जातीला साखर उतारा आणि २६५ जातीला टनेज हा वाद जेवणाच्या ताटावर ऐकलेला असतो. तो साहेबांची पुतणी बोलायच्या आत उत्तर देतो. पाण्याच्या लेव्हलला तुम्ही निळी नदी काढली असेल तर ती खोडून नीरा डावा कालवा काढावा आणि तो कोरडा ठेवावा. आवर्तन कधी सुटणार हे ज्याला आधी कळेल त्याला बोनस द्यावा. ते कसे कळते, हे गेममध्ये सांगायचे नसते.

तोडणीची लेव्हल प्रामाणिकपणे केली तर अशी होते: टोळी यायला तयार नाही, मुकादम फोन उचलत नाही, आली तर खुशाली म्हणून वरचे पैसे मागते, ड्रायव्हर एन्ट्रीचे पैसे मागतो, आणि तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. खेळ म्हणून याला तोड नाही. घड्याळ आहे, शत्रू आहेत, नाणी उडतात. ही लेव्हल साहेबांना दाखवावी. साहेब म्हणतील, ‘हे कशाला दाखवायचं पोरांना?’ मग काढून टाकावी. आता ऊस स्वतःच्या पायांनी कारखान्यात चालत जातो आणि दुसऱ्या बाजूने साखरेचे पोते टाळ्या वाजवत बाहेर येते. याला मंजुरी मिळते.

कारखान्याच्या तळावर हंगामात बीड-नगरकडच्या टोळ्यांच्या कोप्या पडतात. तिथली तिसरीतली मुलगी गेममध्ये घ्यायची तर ती पहाटे वाढे गोळा करते, दिवसा धाकट्या भावाला सांभाळते आणि तिकडे गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव तसेच असते. या पात्राला कोणते बटण द्यावे याबद्दल प्रस्तुत मार्गदर्शिकेत सूचना नाही. ग्राहकाकडूनही तशी मागणी आलेली नाही.

गुण देण्याची पद्धत. ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट हा आपल्याकडचा मुरलेला शैक्षणिक गेम: सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप. जुन्या पटांवर शिड्या कमी आणि साप जास्त असत, कारण करणाऱ्यांना ग्राहकाची मंजुरी घ्यायची नव्हती. आज तोच पट घेऊन गेलात तर उत्तर मिळेल, ‘साप कमी करा, निगेटिव्ह वाटतं.’ नंतर सापाला हसरा चेहरा येतो, मग त्याची शेपूट जाते, शेवटी त्याच्या जागी लिफ्ट येते. चुकीच्या उत्तरालाही ‘शाब्बास’ म्हणावे. मूल नापास झाले तर पालक संस्थेकडे येतात आणि संस्था तुमच्याकडे.

प्रस्तावात डिसले गुरुजींचा उल्लेख हवाच. भीमा ओलांडली की माढा तालुका, आणि तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड आणले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, दहा लाख डॉलरचे, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. ग्राहकाला यातले ‘दहा लाख डॉलर’ एवढेच ऐकू येते, म्हणून पुढचे वाक्य बारीक अक्षरांत टाकावे. त्याला कोडही लागतोच. तो शाळेच्या कमानीवरच्या फ्लेक्सवर, दहा फूट उंचीवर छापला जातो. तिथपर्यंत मोबाइल पोहोचवायचा तर शिपायाला स्टुलावर चढवावे.

वितरणाची तारीख ठरवताना पंचांग पाहावे. तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी येते आणि बेलवाडीला रिंगण होते, त्या दिवसांत कोणी फाइल उघडत नाही. पुढे बॉयलर अग्निप्रदीपन आणि मोळी टाकण्याचे कार्यक्रम असतात. उद्घाटनाला गेम माउसने सुरू करू नये. पडद्यावर नारळाचे ॲनिमेशन ठेवावे, साहेबांनी बोट लावले की तो फुटावा. इतका वेळ खर्च करण्याजोगे ॲनिमेशन संपूर्ण प्रकल्पात दुसरे नाही, आणि तेवढे एकच कोणी पुन्हा पुन्हा पाहते.

गेमच्या आयुष्याबद्दल लेखी काही देऊ नये. एके काळी गावोगावच्या शाळांत सीड्यांवरचे धडे पोहोचले, त्यांतले कितीतरी फ्लॅशवर चालणारे. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केले आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालायचाही थांबला. शैक्षणिक कार्यक्रम करणारी पुण्याची बालचित्रवाणी तर सरकारची होती; १९८४ ला सुरू झाली, २०१७ ला बंद पडली. तुम्ही गाळा भाड्याने घेतलेला आहे. करारात ‘देखभाल’ हा शब्द टाकावा आणि तो सविस्तर समजावू नये.

चाचणी घ्यायचीच असेल तर संस्थेच्या कार्यालयात, संगणक शिक्षकाच्या हाती माउस देऊन घ्यावी. मुलांना आणलेच तर आधी पाठ करवून आणावे. ‘आवडला का?’ याला ‘होऽऽ’ एवढे एकसुरात आले की अहवालात ‘प्रभावी’ लिहावे.

राहिले पैसे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला बिल द्यावे लागते. तरी शेतकरी मोर्चे काढतात, यावरून चौदा दिवसांची लांबी समजावी. ॲनिमेशनसाठी असा आदेशही नाही, आणि चिमणी उडत नाही म्हणून रास्ता रोको करायला तुमच्याबरोबर कोणी येणार नाही. तेव्हा या कामात आदर्श मुकादमाचा ठेवावा: हंगामाआधी निम्मी उचल रोख घ्यावी, आणि ती हातात पडेपर्यंत अध्यक्षांचा फोटो धूसरच ठेवावा.